न्हाणीघरातला मासा तळ्यात परत सोडू देण्याविषयी

प्रति,
माननीय परवाना अधिकारी,
नदी व तलाव मासेमारी परवाना कार्यालय,
पहिला मजला, खिडकी क्रमांक चारच्या मागील दालन.

विषय : पाण्याबाहेर काढलेला एक जिवंत मासा मूळ तळ्यात परत सोडण्यास तातडीने लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) तळ्याकाठच्या फलकावरील नियम सातवा.
(२) याच विषयावरील माझा आधीचा अर्ज, जो खिडकीवरूनच परत मिळाला.

अर्जदार : नवशिका परवानाधारक, निवृत्त ग्रंथालय कर्मचारी.

महोदय,

१. आपला वेळ घेत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. अर्ज लांबला आहे, याची मला कल्पना आहे. थोडक्यात लिहिण्याचा प्रयत्न मी केला होता. तोच आधीचा अर्ज. तो ‘खुलासा अपुरा’ असा शेरा मारून परत आला. म्हणून या वेळी काहीही न गाळता लिहीत आहे. आपण घाईत असाल तर मधले सगळे सोडून फक्त परिच्छेद नऊ वाचावा. मासा अजून जिवंत आहे.

२. मी शहराच्या ग्रंथालयात देवघेव विभागात नोकरी केली. पत्नी गेल्यावर मुलीकडे राहावयास आलो. मुलीच्या घरी राहणाऱ्या बापाने जागा कमी अडवावी, या मताचा मी आहे. त्यामुळे खिडकीजवळची एक खुर्ची आणि हातात एक पुस्तक, एवढ्यावर माझा दिवस निघत असे. एकदा मुलगी म्हणाली, “बाबा, कालपासून तुमचं पान उलटलेलं नाही.” मी म्हणालो, सावकाश वाचतोय. ती जाता जाता पुस्तकाचे नाव बघून गेली. पुस्तक फ्लाय फिशिंगविषयी, म्हणजे खोट्या माशीने मासे पकडण्याविषयी होते. ग्रंथालयाने बाद केलेल्या पुस्तकांतून मी ते उचलले होते आणि खरे सांगायचे तर केवळ त्याची बांधणी चांगली होती म्हणून. पुढे काही दिवसांनी माझ्या खुर्चीवर एक लांबट कापडी पिशवी आडवी ठेवलेली दिसली. आत मासे पकडण्याची काठी होती. “वाचून झालं असेल तर आता एकदा करून बघा,” एवढेच मुलगी म्हणाली. मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. शिवाय काठी खुर्चीवर होती. बसायचे तर ती उचलणे भाग होते.

३. या प्रकारच्या मासेमारीची आपणास माहिती असणारच. परंतु आधीच्या अर्जावर ‘आमिष कोणते?’ असा प्रश्न लाल शाईने विचारलेला असल्यामुळे थोडे लिहितो. यात गांडूळ, पिठाची गोळी असे काही लावत नाहीत. बारीक गळाभोवती पीस आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी करतात. तिला वजन असे नसतेच. त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची असते ती दोरी. दोरी जाड आणि जड असते. ती आधी डोक्यावरून मागे टाकायची, मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मग पुढे न्यायची, की टोकाची माशी आपोआप पाण्यावर अलगद उतरते. थांबणे हाच यातला अवघड भाग आहे, असे पुस्तक म्हणते. मला वाटले, थांबणे तर आपल्याला जमते. तसे झाले नाही.

इमारतीमागच्या गवतावर मी सराव सुरू केला. गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधला होता. पहिल्याच दिवशी तो शेजारणीच्या वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यात अडकला आणि दुसऱ्यांदा शेजारणीतच. त्या समजूतदार आहेत. पहारेकरी मात्र रोज विचारू लागला, “आजोबा, चाबूक दिसतोय, घोडा कुठं बांधलात?” मुलेही मला चाबूकवाले आजोबा म्हणू लागली. मी मान खाली घालून सराव करीत राहिलो. घरात परत जायचे तर पहारेकऱ्याच्या समोरूनच जावे लागत असे, म्हणून मी जास्त वेळ गवतावरच थांबत असे आणि त्यामुळे हात थोडा बसला.

त्यानंतर नदीवर गेलो. सुरुवात वाहत्या पाण्यापासून करू नये, असे पुस्तकात स्पष्ट आहे. पण ते प्रकरण मी नदीवरून आल्यावर वाचले. गोट्यांवरून पाय घसरला, चष्मा वाचला, टोपी गेली. म्हणून तळे निवडले आणि आपल्या कार्यालयातून नवशिका परवाना घेतला. परवाना घेताना खिडकीवर कसलाच त्रास झाला नाही, हे येथे आवर्जून नमूद करतो.

४. तळ्यावर मी पूर्ण मोसम जात होतो. मासा एकही मिळाला नाही. माझ्या शेजारच्या दगडावर एक जाडजूड गृहस्थ बसतात. कामधंद्याने गवंडी आहेत. ते गांडूळ लावतात आणि टोपली भरून नेतात. त्यांना माझी काळजी वाटे. “काका, त्याला काहीतरी खायला द्या हो. नुसती पिसं काय दाखवताय? त्याला काय उशी शिवायचीय?” मी हसत असे. मनातून सांगायचे तर, मासा न मिळणे मला मानवले होते. मागे टाकलेली दोरी सरळ होईपर्यंत जो वेळ जातो, त्यात डोक्यात दुसरे काही येत नाही. घरी परतल्यावर मुलगी “आज काय झालं?” असे विचारू लागली आणि मला सांगायला काहीतरी असू लागले. वारा कोणीकडून होता, पाण्यावर मासा वर आल्याचे वलय कुठे उमटले, गवंडी काय म्हणाले. पत्नी गेल्यापासून आमच्या घरात जेवताना एवढे बोलणे होत नव्हते. हे अर्जाच्या विषयात बसत नाही, पण खुलासा अपुरा राहू नये म्हणून लिहिले.

५. आता मुख्य घटना. त्या दिवशी ऊन उतरले होते. बेटासारखे जे गवत आहे त्याच्या कडेला पाण्यावर एक वलय उठले. मी माशी तिथे टाकली. म्हणजे टाकायला गेलो दुसरीकडे आणि ती तिथे पडली. पुढच्याच क्षणी दोरी ताणली गेली. मी “अरे!” असे ओरडलो. माझ्यात एवढा आवाज आहे, हे मला माहीत नव्हते; गवंडी दगडावरून उठून उभे राहिले. मासा मी ओढत होतो की तो मला, हे सांगता येणार नाही. शेवटी तो जाळीत आला. हातभर म्हणता येणार नाही, पण वीतभराहून बराच मोठा. पाठ हिरवट, पोट फिके, कल्ल्याच्या मागे एक काळा डाग.

पुस्तकात सांगितले आहे, की माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत, मासा पाण्याबाहेर उचलू नये, गळ हळूच काढावा आणि मासा तोंड पुढे करून पाण्यात धरावा. शक्ती आली की तो आपला आपण जातो. त्याप्रमाणे मी हात ओले केले. गळाचा उलटा दात मी घरूनच पकडीने चेपून नेला होता, त्यामुळे गळ सहज सुटला. आता जाळी खाली करायची, एवढेच बाकी होते. आणि समोर फलक होता.

तो फलक मी प्रत्येक खेपेस वाचत आलो आहे. छापलेले दिसले की वाचायचे, ही जन्माची सवय. नियम सातवा : ‘पाण्याबाहेर काढलेला कोणताही मासा कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय पुन्हा पाण्यात सोडू नये.’ लोक घरातल्या काचेच्या पेटीतले मासे आणून तळ्यात सोडत आणि त्यातून रोग पसरला, म्हणून हा नियम झाल्याचे मला नंतर कळले. नियम योग्यच आहे. पण त्या क्षणी एका बाजूला पुस्तक, दुसऱ्या बाजूला फलक आणि मध्ये जाळीत मासा, अशी माझी अवस्था झाली. माझ्या आयुष्यात दोन छापील मजकूर असे समोरासमोर कधी आले नव्हते. ग्रंथालयात ते वेगवेगळ्या कपाटांत असतात.

६. तळ्याचे रखवालदार जवळच उभे होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती. मी त्यांना हाक मारली आणि विचारले, “साहेब, हा सोडला तर चालेल का?” ते वळले नाहीत. मला वाटले, ऐकू गेले नसेल. म्हणून मी जवळ जाऊन पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “काका, मी मुद्दाम पाठ करून उभा होतो. दिवसभर तेच करतो मी. तुम्ही हाक मारलीत. आता विचारलंतच, तर मला नियम सांगावा लागणार.” आणि त्यांनी नियम सांगितला. मासा खाण्यासाठी घरी नेल्यास कसलीच परवानगी लागत नाही. सोडायचा असल्यास लागते. गवंडी म्हणाले, “मग खा की! पहिलाच आहे.” मी माशाकडे पाहिले. महोदय, ते माझ्याकडून झाले नसते. गवंड्यांनी मान हलवली, आपली झाकणाची बादली रिकामी करून मला दिली आणि तळ्याचेच पाणी भरून दिले. अशा रीतीने मासा बसने माझ्यासोबत घरी आला. बादली मांडीवर होती. एक बाई दोनदा म्हणाल्या, “आजोबा, सांडतंय तुमचं.” मी दोन्ही वेळा माफी मागितली.

७. सध्या मासा मुलीच्या न्हाणीघरातील टबात आहे. तो तिथे ठेवताना मला वाटले होते की प्रश्न एका दुपारचा आहे. पहिल्या दिवशी मुलगी टबाच्या कडेला बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. आई गेल्यानंतर तिला असे हसताना मी पाहिले नव्हते. त्या एका गोष्टीसाठी मी माशाचा ऋणी आहे. दुसऱ्या दिवसापासून कोणी हसलेले नाही. नळाच्या पाण्यातले औषध माशाला सोसत नाही, म्हणून घरातली सगळी पातेली, डबे आणि फुलदाणी पाणी भरून शिळे करायला ठेवलेली असतात. स्वयंपाक उरलेल्या एका भांड्यात होतो. टबातल्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून मी मगाने उंचावरून पाणी ओतत बसतो. मी दमलो की मुलगी ओतते. ती कामावरून आलेली असते. मुलगी अंघोळीला शेजारणीकडे जाते. ज्यांच्या अभ्र्यात गोंडा अडकला त्याच या शेजारीण.

जावई बस चालवतात. ते आता आगारातच अंघोळ करून येतात आणि त्याबद्दल त्यांनी एक अवाक्षर काढलेले नाही. उलट परवा दारातूनच विचारले, “बाबा, पाहुणे कसे आहेत?” महोदय, ते चिडले असते तर मला सोपे गेले असते. चिडलेल्या माणसापुढे माफी तरी मागता येते.

८. कार्यालयातील माझ्या खेपांविषयी लिहिताना कोणाची तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. खिडकीवरच्या बाईंनी मला दर वेळी बसायला सांगितले आणि एकदा आपल्या बाटलीतले पाणीही दिले. त्यांनी पहिल्या दिवशी विचारले, “आजोबा, सोडायचाच होता तर पकडला कशाला?” मी चष्मा काढून पुसू लागलो, तेवढ्यात रांगेतल्या मागच्या माणसाने माझ्यावतीने सांगितले, “असतो एकेकाला नाद.” बाईंनी ते तसेच लिहून घेतले.

नंतर असे सांगण्यात आले, की मासे सोडणे हा विषय मत्स्यबीज शाखेकडे येतो. त्या शाखेत गेलो. तेथील गृहस्थ फार नम्र होते. ते म्हणाले, “आम्ही पिल्लं सोडतो, हजारांच्या हिशोबानं. तुमचा एकच आहे आणि मोठा आहे. आमच्यात तो बसत नाही. दहा हजार असते तर लगेच सही केली असती.” मी त्यांचे आभार मानून पुन्हा खिडकीवर आलो. तेव्हा माशाला रोग नसल्याचा दाखला लागेल, असे समजले.

जनावरांच्या डॉक्टरांकडे बादली घेऊन गेलो. माझ्यापुढे एक लंगडा कुत्रा आणि एक गाभण शेळी होती. डॉक्टर म्हणाले, ज्याला पाय नाहीत असा पेशंट त्यांच्याकडे पहिल्यांदाच येत आहे. तरी त्यांनी झाकण काढून बराच वेळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि दाखला लिहून दिला : ‘मासा बरा दिसतो. सोबतच्या गृहस्थांनी झोप घ्यावी.’ हा दाखला खिडकीवर चालला नाही. एका दाखल्यात दोन जिवांचा उल्लेख असेल तर तो नक्की कोणाचा धरायचा, अशी अडचण निघाली. दुसरा दाखला आणायला गेलो, तर डॉक्टर गावोगाव लस टोचायला गेले होते.

त्यानंतर बाईंनी विचारले, “आणि हा त्याच तळ्यातला, हे कशावरून?” मी म्हणालो, मी स्वतः पकडला. त्या म्हणाल्या, “तुम्ही अर्जदार. अर्जदाराचं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे.” त्यांचे बरोबर आहे. रखवालदारांचा जबाब आणण्यासाठी तळ्यावर गेलो. ते कळवळून म्हणाले, “काका, जबाब लिहायचा तर मी कुठे बघत होतो, तेही लिहावं लागेल. मला पोरंबाळं आहेत.” मी त्यांना आग्रह केला नाही. येथेही त्यांचे नाव लिहीत नाही आणि वर जे लिहिले आहे त्यावरून त्यांना त्रास होणार असेल, तर परिच्छेद सहा कृपया वाचला नाही असे समजावे.

आपली भेट मागितली असता, साहेब दौऱ्यावर आहेत, असे दर वेळी कळले. एकदा दालनाचे दार अर्धवट उघडे होते आणि आत पंखा चालू होता. मी आत डोकावलो नाही. न बोलावता आत जाण्याचा माझा स्वभाव नाही. आता वाटते, जायला हवे होते. हा विचार माझ्या मनातून जात नाही. दुसरा एखादा धीट माणूस असता, तर मासा केव्हाच तळ्यात असता. त्याला कोणाला विचारावेसेच वाटले नसते. मासा माझ्या हाती लागला, हे त्याचे दुर्दैव.

एवढे मात्र सांगावेसे वाटते, की देवघेव विभागात परत करायला आलेल्या माणसाला आम्ही कधी परत पाठवले नाही. पुस्तक फाटलेले असो, भिजलेले असो, भलत्याच शाखेचे असो, आधी हातातून घ्यायचे, मग बाकीचे बघायचे. हे मी उदाहरण म्हणून लिहिले, टोमणा म्हणून नव्हे.

९. माशाची आजची स्थिती अशी आहे. काल त्याने टबाच्या भिंतीला नाक लावले आणि तो तिथेच राहिला. आज सकाळी तो एका कुशीवर कलला होता. मी हाताने सरळ केला, तर थोडा वेळ सरळ राहिला आणि पुन्हा कलला. कल्ले हलतात, पण हलण्यात दम नाही. डोळा उघडाच असतो, पण तो माशांचा नेहमीच असतो, त्यावरून काही ठरवता येत नाही. पुस्तक मी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. त्यात टबाविषयी काहीच नाही.

तरी माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) मासा त्याच तळ्यात, त्याच जागी सोडण्याची लेखी परवानगी आजच्या आज मिळावी.

(आ) लेखी आज शक्य नसल्यास तोंडी मिळावी. तोंडी देण्याची पद्धत नसल्यास, मी खिडकीसमोर उभा असताना आपण दालनातून नुसती मान हलवली तरी चालेल. मी दारातून पाहू शकेन, अशा बेताने उभा राहीन.

(इ) नियमाला काहीतरी दंड हवाच असेल, तर माझा परवाना रद्द करावा. तो सोबत मूळ प्रतीत जोडला आहे. परवाना हातचा गेल्यास मी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेन, पान उलटणार नाही आणि मुलीला जेवताना सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. मी काय देत आहे, हे आपणास कळावे म्हणून लिहीत आहे. माझ्याजवळ देण्यासारखे एवढेच आहे. त्याच्या बदल्यात मासा जाऊ द्यावा.

१०. अर्ज येथे संपवून मी तो स्वच्छ अक्षरात उतरवून काढणार होतो. तेवढ्यात मुलीने न्हाणीघरातून हाक मारली. ती नेहमी “बाबा” म्हणते. या वेळी “अहो बाबा, लवकर!” म्हणाली. मासा पोट वर करून तरंगू लागला होता. तिने दोन्ही हात पाण्यात घालून त्याला सुलटा करून धरून ठेवला होता. कल्ले हलत होते की पाणी हलत होते, ते मला चष्म्याशिवाय कळेना आणि चष्मा अर्जावर राहिला होता.

मी म्हणालो, खिडकी उघडायची वेळ होत आली आहे, मी धावत जातो. मुलगी म्हणाली, “बाबा, आता कुठली खिडकी!” जावयांनी आज रजा घेतली होती. का घेतली, ते मला सांगितले नव्हते. त्यांनी गवंड्यांची बादली टबात बुडवून मासा पाण्यासकट उचलला, झाकण काखेत मारले आणि म्हणाले, “अर्ज पुरा करायचा असेल तर वाटेत करा. खाली लाँड्रीवाल्याचा टेम्पो उभा केलाय.” त्यामुळे यापुढील अक्षर वाईट आहे. मी धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांवर बसून लिहीत आहे. मुलगी बादलीत मगाने पाणी ओतते आहे. जावई पुढे बसले आहेत आणि टेम्पोवाल्याला “खड्डा! अरे, खड्डा!” असे सांगत आहेत. विनापरवानगी काही करायला मी प्रथमच निघालो आहे.

११. तळ्यावर पोहोचलो. पुढील मजकूर घडून गेल्यानंतर लिहीत आहे.

मी बुटांसकट पाण्यात उतरलो. बादली आडवी करून मासा बाहेर घेतला आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, तोंड पुढे, एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या बुंध्याशी, असा धरला. त्याने काहीही केले नाही. हात सोडला की तो कुशीवर होई. पुन्हा धरला. पुढे-मागे हलवू नये, नुसते धरावे, असे पुस्तक म्हणते, म्हणून नुसता धरला. पाणी थंड होते आणि थोड्या वेळाने माझी बोटे मला कळेनाशी झाली; मासा हातात आहे की नाही, हे मला दिसत होते म्हणून समजत होते. मुलगी कामावर जायच्या कपड्यांत पाण्यात आली आणि तिने माझ्या हातांखाली आपले हात लावले. जावई म्हणाले, “मला काय करता येईल?” त्यांना काही करण्यासारखे नव्हते. तरी ते पँट दुमडून आत आले आणि मी घसरू नये म्हणून मला मागून कोपराला धरून उभे राहिले. महोदय, माझे जावई मला शिवायलासुद्धा संकोचतात. आम्ही तिघे किती वेळ तसे उभे होतो, ते मला सांगता येणार नाही. मी मनात आपल्या कार्यालयाची क्षमा मागत होतो, पत्नीची आठवण काढत होतो आणि नियम सातवा शब्दशः म्हणत होतो. तिन्ही एकाच वेळी.

मग त्याची शेपूट एकदा माझ्या मनगटावर आपटली. आधी हळू. मग जोरात, माझ्या चष्म्यावर पाणी उडाले. चष्मा पुसेपर्यंत हातात काही नव्हते. मुलगी म्हणाली, “गेला.” जावई म्हणाले, “गेला ना?” मी पाण्यात पाहत राहिलो. तो पोट वर करून परत येईल अशी मला भीती होती. आला नाही. अजूनपर्यंत आलेला नाही. हे लिहीत असताना मी पाण्याकडेच पाहत आहे, त्यामुळे ओळी वाकड्या आल्या आहेत.

१२. तरी वरील परिच्छेद नऊमधील विनंती (अ) आणि (आ) यांवर आता काय करावे, हे मला कळत नाही. अर्ज मागे घ्यावा, तर मी विचारलेच नाही असे होईल. आणि मी विचारले होते. परवानगी मिळाल्यास ती आजच्या सकाळपासूनची धरावी. अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास, मासा आता तळ्यात आहे आणि तो कोठे आहे हे मला दाखवता येणार नाही; सबब त्या निर्णयाची अंमलबजावणी मी कशी करावी, याबाबत आपले लेखी मार्गदर्शन मिळावे. मासा पाण्यात सोडणारे हात माझे होते. मुलीने व जावयांनी फक्त मला धरले होते, त्याला नियमात मनाई नाही; मी तपासले आहे. जी काही कारवाई होईल ती एकट्या माझ्यावर व्हावी. मी बोलावाल तेव्हा खिडकीवर हजर राहीन आणि बोलावले नाही तरी चौकशीस येईन.

ओल्या कपड्यांनिशी आणि उत्तराची वाट पाहत,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार

स्थळ : तळ्याचा काठ, फलकाजवळ.
दिनांक : पोचेच्या शिक्क्यावर असेल तो धरावा.

सोबत :
(१) आधीचा अर्ज, लाल शाईच्या शेऱ्यासह.
(२) जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला. दुसरे वाक्य खोडलेले नाही, कारण खोडलेला दाखला चालत नाही असे समजते.
(३) नवशिका परवाना, मूळ प्रत. थोडी भिजली आहे. रद्द करावयाचा नसल्यास शनिवारपूर्वी परत मिळावा, ही विनंती. मुलगी म्हणते, रविवारी तीही येणार आहे.